घराण्याच्या इतिहासाचा शोध : सुरुवात कोठून करावी?

दरवर्षी जून महिना उजाडला की तहसील कचेरीच्या आवारात, शाळेच्या कार्यालयात आणि ग्रामपंचायतीच्या ओट्यावर एकच प्रश्न घेऊन माणसे उभी असतात. मुलाला किंवा मुलीला महाविद्यालयात प्रवेश घ्यावयाचा असतो, जातीच्या दाखल्याची पडताळणी व्हावयाची असते आणि त्यासाठी आजोबांचा किंवा पणजोबांचा कागद हवा असतो. आजोबा कोणत्या गावी जन्मले, कोणत्या शाळेत गेले, त्यांचे पूर्ण नाव काय होते, हे घरात कोणालाच नीट ठाऊक नसते. ज्यांना ठाऊक होते ती माणसे हयात नसतात. अशा वेळी घराण्याचा इतिहास हा केवळ हौसेचा विषय उरत नाही. एका विद्यार्थ्याचे वर्ष त्यावर अवलंबून राहते.

वारसाची नोंद, वडिलोपार्जित जमिनीची वाटणी, धरणाखाली गेलेल्या जमिनीचा मोबदला, अशा अनेक प्रसंगी हाच प्रश्न वेगळ्या रूपाने समोर येतो. म्हणून वंशावळीचा शोध पद्धतशीरपणे कसा घ्यावा, याची माहिती शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य आणि गावपातळीवरील अधिकारी यांना असणे अगत्याचे आहे. लोक मार्गदर्शनासाठी प्रथम त्यांच्याकडेच येतात आणि ज्या दप्तरात हा इतिहास दडलेला असतो, ते दप्तरही बहुधा त्यांच्याच ताब्यात असते.

ज्ञाताकडून अज्ञाताकडे

या शोधाचा पहिला नियम असा, की आरंभ स्वतःपासून करावा आणि एकेक पिढी मागे जावे. पुष्कळ जण नेमके उलट करतात. एखाद्या प्रसिद्ध घराण्याचे आडनाव आपल्या आडनावाशी जुळते, एवढ्यावरून ते त्या घराण्याच्या मूळ पुरुषापासून खाली उतरू लागतात. मधल्या पाचसहा पिढ्यांचा दुवा सापडत नाही आणि मग तो कल्पनेने भरला जातो. अशी वंशावळ दिसावयास भव्य असते. परंतु कोणत्याही चौकशीत ती टिकत नाही.

एक कोरी वही घ्यावी. पहिल्या पानावर स्वतःचे, आईवडिलांचे, दोन्हीकडच्या आजी-आजोबांचे आणि पणजी-पणजोबांचे नाव लिहावे. प्रत्येक नावापुढे जन्माचे वर्ष व गाव, लग्नाचे वर्ष व गाव, मृत्यूचे वर्ष व गाव असे रकाने आखावेत. जे ठाऊक नसेल तो रकाना मोकळा ठेवावा. हे मोकळे रकानेच पुढील शोधाची दिशा दाखवितात. प्रत्येक माहितीपुढे ती कोणी सांगितली किंवा कोणत्या कागदावरून घेतली, हे त्याच दिवशी लिहून ठेवावे. ही सवय आरंभीच लागली नाही, तर पुढे ऐकीव माहिती कोणती आणि पुराव्याची कोणती, हे सांगता येत नाही.

वडीलधाऱ्यांच्या आठवणी

कागदपत्रांच्या आधी माणसांकडे जावे, कारण कागद थांबू शकतो, माणूस थांबेलच असे नाही. घरातील व भावकीतील वृद्ध व्यक्तींची यादी करून सर्वांत वयोवृद्ध व्यक्तीची भेट प्रथम घ्यावी. आजी, आत्या, चुलत आजी यांच्याकडे विशेष लक्ष द्यावे. कोणाची सोयरीक कोठे झाली, कोणते मूल कोणत्या साथीत दगावले, घर कोणत्या साली बांधले, या गोष्टी पुरुषांपेक्षा स्त्रियांच्या स्मरणात अधिक पक्क्या असतात.

जुन्या माणसांना सन विचारला तर सांगता येत नाही. प्रसंग विचारला तर सांगता येतो. ‘आजोबा कोणत्या वर्षी वारले?’ असे विचारण्याऐवजी ‘बहात्तरच्या दुष्काळाआधी की नंतर?’ असे विचारावे. १८९६ नंतरची प्लेगची साथ, १८९९-१९०० चा दुष्काळ, १९१८ ची इन्फ्ल्युएंझाची साथ, १९४८ चे हैदराबाद मुक्तीचे दिवस, १९६१ चा पुण्याचा पूर, १९६७ चा कोयनेचा भूकंप, १९७२ चा दुष्काळ, अशा खुणांच्या आधारे वर्ष बरेचसे निश्चित करता येते. कुलदैवत कोणते, देवक कोणते, मूळ गाव कोणते, जत्रेला कोठे जात असत, शेताच्या तुकड्यांची नावे काय होती, हेही विचारावे. कुलदैवताचे ठिकाण आणि राहते गाव यांत अंतर असेल, तर स्थलांतराचा माग तेथून लागू शकतो. गोव्यातील मंगेशी किंवा शांतादुर्गा ही दैवते असलेली अनेक कुटुंबे आज कोकणात, बेळगावात व मुंबईत आहेत, ती अशाच स्थलांतरांमुळे.

आडनावाबाबत सावध राहावे. ‘कर’ प्रत्ययाचे आडनाव गावावरून पडते आणि गाव बदलले की कित्येकदा तेही बदलते. एकाच भावकीत एक शाखा हुद्द्याच्या नावाने आणि दुसरी गावाच्या नावाने ओळखली जाते. जुन्या नोंदींत तर आडनाव नसतेच. ‘अमुक वल्द तमुक’ किंवा ‘अमुक बिन तमुक’ एवढेच असते. ‘बिन’ व ‘वल्द’ यांचा अर्थ ‘चा मुलगा’ असा आहे. आजोबांचे नाव नातवाला ठेवण्याच्या प्रथेमुळे तीच दोन नावे पिढ्यान्पिढ्या आलटून पालटून येतात. म्हणून नावाबरोबर अंदाजी वय लिहिणे आवश्यक ठरते. एका पिढीचे अंतर साधारणतः २५ ते ३० वर्षे धरावे.

शाळेचे दप्तर

घरातील माहिती गोळा झाल्यावर पहिला अधिकृत कागद बहुधा शाळेत मिळतो. प्राथमिक शाळेच्या जनरल रजिस्टरात विद्यार्थ्याचे नाव, जात, जन्मस्थान, जन्मतारीख, प्रवेशाची व शाळा सोडल्याची तारीख या नोंदी असतात. हे रजिस्टर कायमस्वरूपी जतन करावयाचे असते.

याचे महत्त्व एका उदाहरणावरून ध्यानात येईल. समजा, २००७ साली जन्मलेली एखादी विद्यार्थिनी इतर मागासवर्गातील आहे. तिचे वडील १९७८ चे आणि आजोबा १९५० चे. जातपडताळणीत इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० आणि अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५० या दिनांकांपूर्वीचा पुरावा महत्त्वाचा मानला जातो. या मुलीच्या वडिलांचा दाखला त्या दिनांकानंतरचा आहे. आजोबा मात्र १९५६ च्या सुमारास पहिलीत दाखल झाले असतील, तर त्या वर्षाच्या रजिस्टरातील एक ओळ तिचे काम करून जाते. आजोबा शाळेत गेलेच नसतील, तर त्यांचे सख्खे बंधू किंवा भगिनी शाळेत गेल्या होत्या काय, हे पाहावे. पित्याकडील रक्ताच्या नात्यातील व्यक्तीची नोंदही उपयोगी पडते. मात्र ते नाते सिद्ध करणारी वंशावळ सोबत असावी लागते. येथेच वहीतील पहिल्या पानाची किंमत कळून येते.

शाळेतील जन्मतारखेवर आंधळा विश्वास ठेवू नये. मुलाला शाळेत घालताना अंदाजाने १ जून ही तारीख लिहिण्याचा प्रघात सर्वत्र होता. त्यामुळे एकाच घरातील तीन भावंडांचा जन्म १ जूनचा आढळला तर नवल नाही.

जन्म-मृत्यूच्या नोंदी

जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ अन्वये महाराष्ट्रात १९७० पासून ही नोंदणी एकसूत्री पद्धतीने होऊ लागली. ग्रामीण भागात या नोंदी ग्रामपंचायतीत व शहरी भागात नगरपालिकेत असतात. त्यापूर्वीच्या काळासाठी गाव नमुना १४, म्हणजे लोकांच्या तोंडी असलेले ‘कोतवाल बुक’, पाहावे लागते. ही जुनी बुके बहुतेक ठिकाणी तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात असतात. त्यांत बाळाचे नाव बहुधा नसते. कारण नोंद बारशापूर्वी होत असे. ‘अमक्यास मुलगा झाला’ किंवा ‘मुलगी झाली’ अशी नोंद सापडते. म्हणून शोध घेणाराने बाळाच्या नावाने नव्हे, तर बापाच्या नावाने व अंदाजी वर्षाने पाने पाहावीत. मृत्यूच्या नोंदीत वय व कारणही असते, त्यावरून जन्मवर्षाचा अंदाज बांधता येतो.

जनगणनेच्या वेळी घरोघरी माहिती घेतली जाते, तेव्हा ती पाहावयास मिळावी, अशी काहींची अपेक्षा असते. परंतु जनगणना अधिनियम, १९४८ अन्वये व्यक्तिगत माहिती गोपनीय असून ती कोणालाही दाखविली जात नाही.

महसुली दप्तर

ज्या कुटुंबाकडे जमीन आहे, त्याचा मागोवा महसुली दप्तरातून सर्वांत दूरपर्यंत घेता येतो. आजच्या सात-बारावर नावाजवळ वर्तुळात फेरफाराचे क्रमांक असतात. तो क्रमांक म्हणजे मागील दाराची किल्ली होय. त्या क्रमांकाचा फेरफार, म्हणजे गाव नमुना ६ मधील नोंद, काढली की जमीन या नावावर कशी आली ते कळते. ‘खातेदार अमुक मयत, वारस पत्नी, मुलगे व मुली’ अशी वारसनोंद सापडली, तर एका ओळीत दोन पिढ्या हाती येतात. मग मागील खातेदाराच्या नावाचा सात-बारा, त्यावरील फेरफार, असे पायरीपायरीने मागे जावे. सात-बारावर कंस केलेली नावे निरुपयोगी समजू नयेत. ती पूर्वीच्या हक्कदारांची असतात.

मुंबई इलाख्यात १९०३ च्या कायद्याने हक्कनोंदणी सुरू झाली. तत्पूर्वीच्या मोजणीचे कागद, जसे कडईपत्रक, सूड व फाळणी, भूमी अभिलेख कार्यालयात पाहावेत. ब्रिटिश अमदानीतील जमीनमोजणीचा आरंभ १८३५ च्या सुमारास इंदापूर तालुक्यात झाला, हे लक्षात घेता कोठे किती मागे जाता येईल, याची कल्पना येते. मराठवाडा पूर्वी हैदराबाद संस्थानात असल्याने तेथील जुने कागद उर्दूत असून खासरा पत्रक, पहाणी पत्रक व इनामाचे मुन्तखब हे तेथील महत्त्वाचे दस्तऐवज होत. नागपूर व चंद्रपूर भागात मालगुजारीच्या काळातील मिसल व वाजिब-उल-अर्ज हे कागद पाहावे लागतात. थोडक्यात, आपले गाव १९५६ पूर्वी कोणत्या राज्यात किंवा संस्थानात होते, हे प्रथम निश्चित केल्याशिवाय कोणत्या दप्तराकडे जावे हे ठरत नाही.

जुने सात-बारा व फेरफार यांच्या प्रतिमा आता अनेक जिल्ह्यांत शासनाच्या महाभूमी संकेतस्थळावर ‘आपले अभिलेख’ या सदरात मिळतात. तेथे न मिळालेली नोंद अस्तित्वातच नाही, असे मात्र समजू नये. ती अभिलेख कक्षातील एखाद्या गठ्ठ्यात असू शकते.

मोडी लिपी व कालगणना

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत मराठीचे पुष्कळसे दैनंदिन लेखन मोडी लिपीत होत असे. मोडीत आधी रेघ ओढून तिला लगटून अक्षरे लिहिली जातात, शब्द तोडले जात नाहीत व ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळला जात नाही. त्यामुळे केवळ अक्षरओळख पुरत नाही. वाचनाचा सराव लागतो. राज्याच्या पुराभिलेख संचालनालयातर्फे मोडीचे प्रशिक्षण वर्ग घेतले जातात. तालुक्यातील दोनचार शिक्षकांनी ही लिपी आत्मसात केली, तरी शेकडो कुटुंबांचा खोळंबा टळेल. सप्टेंबर २०२३ मध्ये न्यायमूर्ती (निवृत्त) संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखालील समिती नेमली गेल्यावर कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा मोडी व उर्दू वाचणाऱ्यांची निकड सर्वांच्याच प्रत्ययास आली.

जुन्या कागदांवरील सन इसवी सनात बदलण्याची रीत सोपी आहे. शकात ७८ मिळवावेत. जानेवारीपासून फाल्गुन अखेरपर्यंतच्या तारखेस ७९ मिळवावेत. फसली सनात ५९० मिळविले की ते वर्ष ज्या इसवी सनात सुरू झाले तो सन येतो; म्हणजे फसली १३२८ हे १९१८-१९ होय. पेशवाईतील कागदांवर सुहूर सन अरबी शब्दांत असतो; त्यात ५९९ मिळवावेत. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे ११६१, अर्थात १७६०-६१, पानिपतचे वर्ष.

पुणे अभिलेखागारातील पेशवे दप्तर, मुंबई व कोल्हापूरची अभिलेखागारे, पुण्याचे १९१० साली स्थापन झालेले भारत इतिहास संशोधक मंडळ येथील संग्रह मोलाचे आहेत. परंतु तेथे जाण्याची वेळ गावातील व तालुक्यातील कागद संपल्यावर येते. वतन, इनाम किंवा लष्करी चाकरी यांचा काही धागा हाती असल्याशिवाय त्या सागरात उतरल्यास श्रम वाया जातात.

ज्यांच्याकडे जमीन नव्हती

आतापर्यंतच्या वाटा मुख्यतः जमीन व शाळा लाभलेल्या कुटुंबांच्या आहेत. ज्यांना या दोन्हींपासून दूर ठेवले गेले, त्यांच्या पूर्वजांचा शोध अधिक कठीण आहे आणि त्यांनाच पुराव्याची निकड अधिक आहे. तथापि तेथेही वाटा आहेत.

जमीन मालकीची नसली तरी कसणारा म्हणून नाव लागलेले असू शकते. १९४८ च्या कूळकायद्याखालील कूळनोंदी व जमीन खरेदीची प्रकरणे त्या दृष्टीने पाहावीत. महार वतनासारखी कनिष्ठ गावकामगार वतने १९५८ च्या कायद्याने रद्द झाली. त्या प्रकरणांत वतनदारांची नावे व त्यांचे हिस्से आढळतात. गिरणीत, रेल्वेत, गोदीत किंवा सैन्यात नोकरी केलेल्या आजोबांचे सेवापुस्तक किंवा पेन्शनचा कागद त्यांच्या गावाचा पत्ता देऊ शकतो. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अनेक भटक्या समाजांवर जन्मतः गुन्हेगारीचा शिक्का मारला. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. पण त्या अन्यायासाठी ठेवलेली वसाहतींची व हजेरीची रजिस्टरे आज काही कुटुंबांना आपल्या पूर्वजांचा एकमेव लेखी पुरावा वाटतात. दाखल्याच्या चौकशीत दक्षता पथक गृहभेट देते, तेव्हा चालीरीती, कुलदैवते व नातेसंबंध यांविषयीची माहितीही विचारात घेतली जाते. म्हणून अशा कुटुंबांनी वृद्धांच्या आठवणी लिहून ठेवणे दुप्पट अगत्याचे आहे.

लोकपरंपरेतही वंशावळी जतन झाल्या आहेत. दक्षिण महाराष्ट्रात हेळवी समाजाची माणसे ठराविक काळाने यजमानांच्या गावी येऊन त्यांच्या कुळाची नामावळी वाचून दाखवितात व नव्या जन्मांची भर घालतात. नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर, गया, काशी येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यात्रेकरूंची नावे, गावे व काही वेळा स्वाक्षऱ्याही असतात. एकोणिसाव्या शतकात रत्नागिरी भागातून मजुरीसाठी मॉरिशसला गेलेल्यांच्या नोंदी मोका येथील महात्मा गांधी संस्थेत आहेत. तिकडील मराठी भाषक आपल्या मूळ गावाचा शोध त्यांच्या आधारे घेतात. त्यांची इकडची चौकशी एखाद्या ग्रामपंचायतीत येऊन पोचली, तर तिचे स्वागत व्हावे.

वंशावळीतील स्त्रिया

पारंपरिक वंशावळीत पुरुषांचीच नावे लिहिली जात. मुलगी लग्न होऊन गेली की तिचा उल्लेख संपे आणि सून घरात आली की तिचे नावही कित्येकदा बदले. परिणामी अर्धे घराणे कागदावरून नाहीसे होई. याची किंमत केवळ भावनिक नाही. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये हिंदू वारसा कायद्यात सुधारणा करून मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांच्या बरोबरीने हक्क दिला. वारसनोंदीच्या वेळी सादर झालेल्या वंशावळीत बहिणींची नावे गाळली गेली, तर तो हक्क पहिल्याच पायरीवर डावलला जातो. वंशावळ तपासणाऱ्या अधिकाऱ्याने ‘मुली किती?’ हा प्रश्न आवर्जून विचारावा. १ मे २०२४ रोजी व त्यानंतर जन्मलेल्यांच्या नावात आईचे नाव लिहिण्याची तरतूद राज्य शासनाने केली आहे. ज्यांना आपल्या वहीत पणजीचे नाव व माहेर लिहिता येत नाही, त्यांनी मोकळा रकाना तेथेही ठेवावा आणि तो भरण्याचा प्रयत्न करावा.

पुराव्याची पारख व दप्तराची निगा

दोन स्वतंत्र कागद एकाच गोष्टीची साक्ष देत असतील, तर ती विश्वसनीय मानावी. घटनेच्या वेळी झालेली नोंद नंतरच्या प्रतिज्ञापत्रापेक्षा श्रेष्ठ होय. नोंद गैरसोयीची निघाली, तरी ती आहे तशी लिहावी. मूळ रजिस्टरात कोणाच्याही आग्रहास्तव एक अक्षर वाढविणे किंवा खोडणे हा गुन्हा तर आहेच. पण त्यामुळे त्या पानावरील इतर सर्व कुटुंबांच्या नोंदीही संशयास्पद ठरतात.

हे सारे शक्य व्हावयाचे तर दप्तर टिकले पाहिजे. २०१९ च्या महापुरात कृष्णा व पंचगंगा काठच्या गावांत पाणी घराघरांत शिरले, तेव्हा जमिनीलगतच्या कपाटातील कागदांची गत काय होते, ते सर्वांनी पाहिले. जुनी रजिस्टरे भिंतीपासून दूर, जमिनीपासून उंच, कोरड्या जागी ठेवावीत. फाटलेल्या पानांना चिकटपट्टी लावू नये व ती प्लॅस्टिकमध्ये बंदिस्त करू नयेत. दोन्ही उपायांनी कागद कायमचा बिघडतो. गठ्ठे स्वच्छ सुती कापडात बांधून त्यावर गाव, नमुना व वर्षे लिहावीत. पानांची छायाचित्रे घेऊन त्यांची सूची करावी व एक प्रत गावाबाहेर ठेवावी. उन्हाळ्याच्या सुट्टीत वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांकडून आपापल्या घरातील वृद्धांच्या आठवणी लिहून घेण्याचा उपक्रम शाळेने हाती घेतला, तर दोनतीन वर्षांत गावाचा इतिहास सिद्ध होईल.

रजिस्टरातील एक फिकट ओळ लिहिणाऱ्या गुरुजींना किंवा कोतवालाला तिचा पुढे कोणाला काय उपयोग होईल, याची कल्पना नव्हती. तरी त्यांनी ती लिहिली आणि कोणीतरी ती सांभाळली, म्हणून सत्तर वर्षांनंतर एका नातीला शिक्षणाची वाट मोकळी झाली. आज नोंदी लिहिणाऱ्यांच्या व दप्तर सांभाळणाऱ्यांच्या हाती पुढील नातवंडांची तीच ठेव आहे. ती जपणे हे शासकीय कर्तव्य आहेच. गावाशी असलेले ते ऋणही आहे.